राखेत निजवलेली साखळी

चर्रर्र! तापलेली कडी पाण्यात पडल्याचा हा आवाज मी फार वर्षांपूर्वी ऐकला. ज्या म्हाताऱ्या लोहारबुवांनी तो ऐकवला, त्यांनीच ही गोष्ट सांगितली. ती त्यांच्याही आधीच्या काळातली.

एका खाडीकाठी एक लोहार राहत होता. खाडीवर आडवी साखळी बांधलेली असे आणि तिला धरून पडाव, म्हणजे माणसं नेणारी मोठी होडी, पलीकडे जाई. खारं पाणी ती साखळी दोन वर्षांत खाऊन टाकी.

लोहाराची एकुलती एक लेक पलीकडच्या काठाला दिलेली होती. आज ना उद्या ती बाळंतपणाला माहेरी येणार, आणि वाट काय ती पडावाचीच.

लोहारानं डोंगरातल्या दगडातून एक रुपेरी धातू काढला आणि लोखंडात मिसळला, पाच भागांत एक भाग. त्याचा एक तुकडा वर्षभर खाडीत बुडवून ठेवला. तो चकचकीतच राहिला. मग त्यानं त्याच लोखंडाची साखळी घडवली.

पण चार महिन्यांत कड्यांवर गंजाच्या बारीक लाल रेघा उमटल्या. एके दिवशी कडी तुटली. पडाव रिकामा होता, म्हणून बरं.

पडाव हाकणारा तांडेल म्हणाला, "लोहारबुवा, धातू रुपेरी, पण गंज लालच की हो! या साखळीवर मी माणूस बसवणार नाही."

लेकीचं बाळंतपणाला येणं आठ दिवसांवर आलं होतं. लोहार डोकं धरून बसला. बायकोनं तो जुना तुकडा त्याच्या हातात ठेवला.

"अहो, याला का गंज नाही? हा कसा निववला होता?"

"तो होय? घाईत भट्टीजवळच्या दगडी डोणीतल्या गार पाण्यात टाकला होता."

"आणि कड्या?"

"कड्या लेकीसाठी होत्या गं. बापानं शिकवल्याप्रमाणे मायेनं ऊन राखेत ठेवल्या. रात्रभर हळूहळू निवू दिल्या."

बोलता बोलता चूक त्याच्या ध्यानात आली.

त्या रेंगाळत्या उबेतच भट्टीतून लोखंडात मुरलेला कोळसा रुपेरी धातूला आपल्याकडे ओढून घेत होता. कणाकणांच्या कडा उघड्या पडत होत्या आणि खारं पाणी तिथून आत शिरत होतं. एकदम गार केलं, तर कोळशाला तेवढी सवडच मिळत नाही.

तुटकी कडी नवी केली. मग प्रत्येक कडी, कोळशानं ओढलेला धातू पुन्हा सुटेल अशी पिवळीजर्द तापवून पाण्यात टाकली. चर्रर्र! दर वेळी लोहार डोळे मिटून घेई, आता तडकेल म्हणून. एकही तडकली नाही.

तांडेलानं दोन बैल जुंपून साखळी ताणून पाहिली आणि पडाव सोडला. लेक काठावर उतरली, तेव्हा कुठे लोहारानं श्वास सोडला.

बाळांनो, ज्याला जशी हवी तशी दिली, तरच माया राखण करते.

पुढे नातू चालू लागला, तरी साखळी तशीच होती. एके सकाळी तांडेलानं तिच्यावरून हात फिरवला आणि तळवा उलटून पाहिला. तळवा स्वच्छ होता. लोहाराकडे एकदा बघून तो पडावात माणसं बसवू लागला.