गेनूच्या गाडीच्या नव्या फळ्या

ओढ्याकाठच्या एका गावात गेनू नावाचा एक गाडीवान राहत होता. कुणाचं धान्य असो, कुणाची मडकी असोत, गेनूच्या बैलगाडीशिवाय गावाचं पान हलत नसे.

एके दिवशी गाडीत उभं राहून पोती रचताना गेनूचा पाय तळातल्या फळीतून आरपार गेला. वर गेनू, खाली गुडघ्यापर्यंत लोंबणारा पाय! बैलांनीही मागे वळून पाहिलं. फळ्या पार कुजल्या होत्या.

गेनू नथूकाका सुताराकडे गेला. नथूकाका म्हातारे होते, पण त्यांचा हात सोन्याचा होता. त्यांनी बाभळीच्या नव्या फळ्या कापल्या, रंधा मारून गुळगुळीत केल्या आणि म्हणाले, "आता आठ दिवस थांब. प्रत्येक फळीला गरम जवसाचं तेल पाजायचं. वरून, खालून, कडांना. टोकांना तर दोनदा, कारण लाकूड टोकातून सगळ्यात जास्त पाणी पितं. मग सावलीत वाळवायचं. आणि ठोकताना दोन फळ्यांमध्ये थोडी फट ठेवायची. लाकूड फुगतं, त्याला अंग पसरायला जागा हवी."

"आठ दिवस?" गेनू ओरडलाच. "काका, पाच दिवसांवर वाण्याच्या मुलाचं लग्न आहे. नवरदेव माझ्याच गाडीतून जायचाय! आणि फळीची खालची बाजू बघतंय कोण?"

"कोणी नाही बघत," काका शांतपणे म्हणाले. "म्हणूनच ती आपण बघायची."

पण गेनूला दम कुठला? फळ्या घरी नेऊन त्याने स्वतःच ठोकल्या, एकीला एक अगदी घट्ट चिकटवून. वरून लालभडक रंग दिला. खालची बाजू कोरडीच राहिली. गाडी अशी झळकली की येणारे-जाणारे थांबून बघू लागले. गेनूची मान ताठ झाली.

दिवस उन्हाळ्याचे होते. उन्हाने लाकडी चाकं आकसली होती आणि त्यांच्यावरची धाव, म्हणजे लोखंडी पट्टी, ढिली झाली होती. म्हणून लग्नाच्या आदल्या दिवशी गेनूने गाडी ओढ्यात उभी केली. चाकं फुगून घट्ट झाली खरी, पण पाणी गाडीच्या तळालाही लागत होतं. तहानलेल्या फळ्या दिवसभर पाणी प्यायल्या.

सकाळी गेनू बघतो तर गाडीच्या मधोमध उंटाच्या पाठीसारखा उंचवटा! फळ्या फुगल्या होत्या आणि एकमेकींना रेटून वर उठल्या होत्या. खिळे अर्धे बाहेर आले होते. आता काय करावं? गेनूने खिळे पुन्हा ठोकले, वर जाजम अंथरलं आणि कपाळाचा घाम पुसला.

वऱ्हाड निघालं. गेनूच्या गाडीत नवरदेव, त्याची आजी आणि लाडवांची मोठी टोपली. ओढा ओलांडताना चाक एका धोंड्यावर चढलं आणि... टण्ण! खिळे निसटले, मधली फळी उसळली. टोपली कलंडली. लाडू पाण्यात, त्यांच्यामागे नवरदेव पाण्यात. आजी तेवढ्या गाडीचा दांडा धरून बसून राहिल्या.

"अगंबाई!" आजी म्हणाल्या. "माशांना आधी जेवायला वाढलंस होय रे?"

गुडघाभर पाण्यात बसलेला नवरदेवच आधी हसला. पण वऱ्हाडाबरोबर मागून येणारा वाणी संतापला. "हे त्या नथू सुताराचं काम! म्हाताऱ्याने कच्चं लाकूड दिलं. यापुढे त्याच्याकडून कोणी पाटसुद्धा करून घेऊ नका!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. गेनू बैलांजवळ उभा होता. गप्प बसला असता तर त्याच्याकडे कोणी बोटही दाखवलं नसतं. पण ज्या म्हाताऱ्याने त्याला नीट समजावून सांगितलं होतं, त्याचं नाव मातीत मिळत होतं.

"शेठजी," तो मोठ्याने म्हणाला, "लाकूड चांगलं होतं. काका आठ दिवस थांब म्हणाले होते. मी थांबलो नाही. तेल दिलं नाही, फट ठेवली नाही. सकाळी फळ्या वर उठलेल्या दिसल्या, तेव्हा वर जाजम टाकलं. चूक माझी आहे."

आजी म्हणाल्या, "खरं बोललास, बरं केलंस. आता नवरदेवाला बाहेर काढ. मुहूर्त टळतोय!"

ओल्या धोतरातच लग्न लागलं. लाडवांऐवजी गूळ-शेंगदाणे वाटले गेले आणि लोकांनी ते हसत-हसत खाल्ले.

दुसऱ्या दिवशी गेनू मान खाली घालून काकांकडे गेला. ओढ्यावरची हकीकत त्यांच्या कानावर आधीच आली होती. त्यांनी तेलाचं भांडं त्याच्या हातात दिलं. फळ्या काढल्या, वाळवल्या, कडा तासल्या. गेनूने एकेक फळी सगळीकडून माखली. तेल मिशीवर ठिबकलं, कोपरावरून ओघळलं, पण एक कोपरा त्याने कोरडा सोडला नाही. यावेळी दहा दिवस लागले.

गेनू खरं बोलला आणि काकांचं काम चोख असतं, ही गोष्ट वऱ्हाडाबरोबर पलीकडच्या नवरीच्या गावात पोहोचली होती. महिन्याभरात तिथून सहा गाड्या नथूकाकांच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. काकांना काम आवरेना. मग उरलेला सगळा उन्हाळा गेनू रोज दुपारी त्या गाड्यांखाली उताणा पडून तेल लावत असे आणि मोठ्याने गाणी म्हणत असे.

तात्पर्य एवढंच: जी बाजू कोणाला दिसत नाही, ती मन लावून करावी, आणि तिथे चूक झालीच, तर ती झाकू नये, सांगून टाकावी.