बगळोबानं मांडलेली पंगत

माझी पैज आहे, यातलं एक अक्षरसुद्धा तुम्हाला खरं वाटायचं नाही. मानून दाखवा बघू!

एका खाडीकाठी एक कासवीण होती. तिच्या पिल्लांचं बारसं निघालं. पाठीत कणा असलेल्या झाडून सगळ्यांना आवतण गेलं. खेकडा नि गोगलगाय बिनकण्याची, ती बसली घरी तोंड फुगवून.

पंगत मांडायला बगळोबा. काय तो तोरा! कल्ल्यांनी दम घेणारे मासे पाण्याखाली. लहानपणी पाण्यात पोहून मोठेपणी काठावर उड्या मारणारे बेडूक चिखलात. कोरड्या खवल्यांचे साप, घोरपडी तापल्या दगडावर, कासवीणही त्यांच्यातच. पिसंवाली पाखरं फांदीवर. नि अंगावर केस असलेल्या, पिल्लांना दूध पाजणाऱ्या म्हशी-माकडिणी गवतावर.

"एक पान जरी चुकलं, तर माझी पिसं उपटा!" बगळोबा म्हणाला.

तेवढ्यात नव्या बाळाला कुशीशी घेऊन डॉल्फिनबाई आली.

"माशांत बसा. खाली, खाली!"

"पण बगळेभावजी, बाळाला दम घ्यायला—"

"शेपूट माशाचं, पर माशाचे, नि नखरे म्हशीचे! बसा म्हणतो ना. आणि पंगत उठेपर्यंत कुणी उठायचं नाही."

चारचौघांत कशाला तमाशा, म्हणून बिचारी बसली. भात आला, वरण आलं. बाळ तडफडायला लागलं. मग गपगार पडलं.

तशी ती उसळली! पानं उधळली, द्रोण उडाले. बाळाला नाकाडावर उचलून तिनं पाण्याबाहेर धरलं.

"पंगत मोडली! हाकला हिला!" बगळोबा किंचाळला.

फुस्स! बाळाच्या डोक्यावरच्या भोकातून फवारा उडाला, थेट बगळोबाच्या तोंडावर. बाळानं दम घेतला, नि तिथंच आईला बिलगून चुटूचुटू दूध प्यायला लागलं.

सगळी पंगत थिजली. बेडकाच्या तोंडातला घास पडला.

"अगं बया, दूध!" म्हैस हंबरली. "ही तर आमच्यातली!"

बगळोबाची चोच उघडी ती उघडीच. "माझ्या हातून लेकरू गेलं असतं," तो पुटपुटला नि मान खाली घालून पुढं आला. "उपटा पिसं."

"पिसं घेऊन काय करू भावजी?" डॉल्फिनबाई म्हणाली. "मी बोलत होते, तेवढं पुरं ऐकायचं होतं."

तात्पर्य: नुसतं रूप बघून कुणाची जागा ठरवू नये; आधी त्याचं म्हणणं पुरं ऐकावं.

नाही ना पटलं? मग बसलाय कशाला? जा, पळा आता!