नणंदेने धरलेला सूर

ही गोष्ट खूप खूप जुनी, डोंगरांना अजून नावेही पडली नव्हती तेव्हाची. आज ज्याला आर्मेनिया म्हणतात, त्या मुलुखात जर्दाळूच्या बागांचे एक गाव होते. तिथले लोक जुन्या जर्दाळूच्या लाकडापासून दुदुक नावाचे, सनईसारखे फुंकून वाजवायचे वाद्य करत. दुदुक नेहमी जोडीने वाजे. एकाने चाल वाजवायची आणि दुसऱ्याने मागे एकच सूर अखंड धरायचा.

गावात एका नणंद-भावजयीची जोडी प्रसिद्ध होती. भावजय चाल वाजवी, नणंद सूर धरी. फुगवलेल्या गालांतल्या हवेवर सूर चालू ठेवायचा आणि तेवढ्यात नाकाने श्वास घ्यायचा, ही तिची विद्या.

एकदा राजाने हुकूम काढला, "जुनी बाग तोडा. राजवाड्याच्या भट्ट्यांना लाकूड हवे."

भावजय धावतच राजाकडे गेली. "महाराज, हे लाकूड गाते हो! एकदा ऐका, मग ठरवा."

"उद्या सकाळी बागेतच ऐकतो. मन हेलावले, तर बाग राहील."

सकाळी सगळे गाव बागेत लोटले. एका बाजूला कुऱ्हाडवाले उभेच होते. नणंद दुदुक घेऊन पुढे आली, तशी भावजयीने तिला अडवले.

"वन्सं, आज मी एकटीच वाजवते. तुम्ही काय, एकच तर सूर धरता! राजाला कंटाळा येईल."

"बरं बाई! म्हणजे एवढी वर्षं मी मागे बसून नुसती चूल फुंकत होते म्हणायची!"

लोक हसले. नणंद गर्दीत जाऊन बसली.

भावजय वाजवू लागली. बोटे सुरेख फिरत होती, पण चालीला टेकायला जागाच नव्हती. श्वासासाठी ती थांबली की सारे रिकामे वाटे. घाबरून तिने वेग वाढवला. स्वर एकमेकांवर आदळू लागले. राजाने जांभई दिली आणि कुऱ्हाडवाल्यांकडे पाहिले.

'बरी खोड मोडली,' असे नणंदेला क्षणभर वाटले. मग तिची नजर झाडांकडे गेली. तिने दुदुक ओठांना लावले.

गर्दीतून एक सूर उठला. खोल, उबदार, न तुटणारा! भावजयीची बोटे सावरली. आता ती श्वासाला थांबली तरी गाणे थांबत नव्हते. चाल उंच झेपावली, गिरक्या घेऊ लागली. म्हाताऱ्यांनी टाळ्यांचा ठेका धरला, बायाबाप्ये फेर धरून नाचू लागले, कुऱ्हाडवाल्यांचेही पाय हलू लागले. आणि राजा? तो केव्हा उठून उभा राहिला, त्याचे त्यालाच कळले नाही!

"शाबास!" तो भावजयीला म्हणाला. "एका झाडालाही कोणी हात लावायचा नाही. पण बाई, आधी का नाही असे वाजवलेस?"

भावजयीची मान खाली गेली. "महाराज, मी आधीही हेच वाजवत होते. तेव्हा मागे वन्सं नव्हत्या."

तिने गर्दीत जाऊन नणंदेचा हात धरला आणि सगळ्यांसमोर तिला राजापुढे आणले.

मागे राहून जो आधार देतो, त्याच्याच बळावर पुढच्याचे कौतुक होते.