चंपानगरीचा धूर

पूर्वी गंगेकाठच्या चंपानगरीत सुनेत्र नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व कोष्ट्यांच्या आळीत एका विणकराच्या घरी जन्मला. पुढे शहाणपणाच्या बळावर तो राजाचा अमात्य झाला. पण त्याची धाकटी बहीण शोभिता त्याच आळीत दिलेली होती, म्हणून त्याचे तिकडचे जाणे-येणे कधी सुटले नाही.

चंपानगरीची संध्याकाळ मोठी मोहक असे. दिवस मावळला की घराघरांतून धूर निघे, नदीवरच्या धुक्यात मिसळे आणि सगळे नगर निळ्या पाण्यात बुडाल्यासारखे दिसे. झाडे कुठे संपली आणि छपरे कुठे सुरू झाली ते कळत नसे. राजा रोज गच्चीवर येऊन हे पाही आणि म्हणे, "घरोघरी चूल पेटते आहे. राजाला याहून काय हवे?" राजा मनाने वाईट नव्हता. त्याला लांबून पाहायची सवय लागली होती, इतकेच.

मग नदीच्या मुखाशी गाळ साचला आणि समुद्रावरून येणारी तारवे दुसऱ्या बंदराला लागू लागली. ज्यांची कोठारे भरलेली होती त्या शेठजींना काही झाले नाही. हमालांना राजाच्या दानशाळेत दोन वेळची पेज मिळत होती. अडकले ते मधले: कोष्टी, तांबट, सुतार, पाठशाळेतले गुरुजी. त्यांना दानशाळेचे दार उघडे होते, पण नगरात जुनी चाल होती की ज्याने दानशाळेत पान मांडले त्याने त्यानंतर श्रेणीच्या, म्हणजे कारागिरांच्या संघाच्या, सभेत किंवा राजसभेत तोंड उघडायचे नाही. ही चाल कोणी पाडली ते कोणालाच ठाऊक नव्हते. बहुधा पोट भरलेल्या कोणीतरी पाडली असावी.

या मधल्या माणसांचा सारा जीव सभेतल्या त्या जागेत. घरात दाणा नसला तरी उपरण्याची घडी मोडायची नाही, असा त्यांचा बाणा. शेजारणीला कळू नये म्हणून बायका तिन्हीसांजेला चुलीत ओला पाला घालून धूर काढू लागल्या. शेजारीणही तेच करीत होती. वर रिकामे भांडे, खाली ओला पाला, आणि डोळ्यांतले पाणी धुराच्या नावावर खपून जाई. त्या दिवसांत चंपानगरीची संध्याकाळ पूर्वीपेक्षाही निळी दिसू लागली.

सेनापती उग्रसेन राजाला म्हणाला, "महाराज, धूर वाढला आहे. प्रजा सुखात आहे. जकात वाढवायला हरकत नाही." बोधिसत्त्वाने विरोध केला, तेव्हा राजा हसून म्हणाला, "अमात्य, मी माझ्या डोळ्यांनी धूर पाहतो." जकात वाढली. मग तोच उग्रसेन आळ्याआळ्यांतून फिरून सांगू लागला, "तुमच्या राजाला तुमची भूक दिसत नाही. पौर्णिमेला मशाली घेऊन या, बाकीचे मी पाहतो." त्याचा डोळा सिंहासनावर होता.

पौर्णिमा दोन दिवसांवर आली असताना बोधिसत्त्व बहिणीकडे गेला. शोभितेचा नवरा वारुण मागावर सूत नसल्यामुळे जुन्या चिंध्या काठीला गुंडाळीत बसला होता. मेहुण्याला पाहून त्याने ती काठी लपवली नाही.

"दादा, पौर्णिमेला राजवाड्यात थांबू नका," तो म्हणाला.

बोधिसत्त्वाला सारे कळले. तो शोभितेला म्हणाला, "उद्या दानशाळेत चल. पोटात दोन घास गेले की यांचेही डोके शांत होईल."

शोभिता चुलीतला पाला सारखा करीत राहिली. "आणि चार लोकांत तोंड कसं दाखवू? दादा, आमच्याकडे आता तेवढंच उरलं आहे. ते पण सोडलं तर आम्ही कोण?"

बोधिसत्त्व नदीकाठाने निघाला. धुक्यात होड्या दिसत नव्हत्या, नुसते वल्ह्यांचे आवाज येत होते. राजाला कट सांगावा तर बक्षीस मिळेल, पण सारी आळी सुळावर जाईल. गप्प बसावे तर राजा जळेल, त्याच्या जागी उग्रसेन बसेल, आणि चुली तशाच राहतील. बोलून काही होणार नाही हे त्याला दिसले, कारण राजाचा विश्वास फक्त धुरावर होता आणि लोकांचा फक्त जागेवर. चालता चालता त्याला वाटले, आपलीही एक जागा आहे, राजाच्या उजव्या हाताची. ती सोडायच्या विचाराने त्याला आधी भीती वाटली आणि मग फार हलके वाटले.

दुसऱ्या दिवशी दुपारी बोधिसत्त्वाने अमात्याचे पागोटे उतरवून घरी ठेवले, पत्रावळ घेतली आणि दानशाळेत हमालांच्या पंगतीत जाऊन बसला. वाढप्याचा हात थबकला. "अमात्य, आपण?" बोधिसत्त्वाने पत्रावळ पुढे केली. त्याने पेज खाल्ली आणि तो तिथेच बसून राहिला.

बातमी आळीत गेली. शोभिता धावत आली आणि दाराशी उभी राहिली. आपला भाऊ जमिनीवर बसलेला पाहून तिला रडू आले. मग पदर सावरून ती त्याच्या शेजारी बसली आणि म्हणाली, "वाढा." तिच्यामागून तांबटाची बायको आली, मग पाठशाळेतले गुरुजी मान खाली घालून आले. उन्हे कलेपर्यंत पंगत नदीच्या घाटापर्यंत पोचली होती. कोणी कोणाकडे पाहत नव्हते, पण उठून जातही नव्हते.

त्या संध्याकाळी धूर निघाला नाही. राजा गच्चीवर आला तर छपरे जवळ आल्यासारखी स्पष्ट दिसत होती, कौले फुटलेली, वासे निघालेले. स्वप्नातून कोणी हलवून जागे करावे तसा तो दचकला. त्याने बोधिसत्त्वाला बोलावले. "अमात्य, धूर कुठे गेला?"

बोधिसत्त्वाने हात जोडले आणि तो गप्प राहिला.

द्वारपाल म्हणाला, "महाराज, हे आज दानशाळेत जेवले. यांना राजसभेत बोलता येत नाही."

"मी सांगतो, बोला," राजा म्हणाला.

बोधिसत्त्वाने नकारार्थी मान हलवली. एकट्यापुरती सूट त्याला नको होती. त्याने नुसता आळीकडे हात केला. राजा जरा वेळ त्या हाताकडे पाहत राहिला आणि मग जिना उतरून पायीच आळीकडे निघाला.

पहिले घर शोभितेचे लागले. सभेत बोलायची तिला बंदी होती, स्वतःच्या घरात नव्हती. तिने राजाला चुलीपाशी नेले, भांड्यावरचे झाकण काढले, ओला पाला हातात घेऊन दाखवला. "महाराज, तुम्ही रोज पाहत होता तो आमचा स्वयंपाक हा."

राजा चुलीपुढे खाली बसला. तेवढ्यात वारुण मशाल घेऊन माजघरातून बाहेर आला आणि जागीच खिळला.

"ही कशाला?" राजाने विचारले.

वारुण म्हणाला, "उद्या तुमचा वाडा पेटवायला."

राजा म्हणाला, "मग मी एक दिवस आधी आलो, हे बरे झाले." आणि तो रडला. त्याला रडताना पाहून वारुणाने मशाल भिंतीशी टेकवली आणि त्याच्यासाठी पाणी आणले.

दुसऱ्या दिवशी सुनेत्राने जकात उठवली आणि कोठारे उघडली. मग तो दानशाळेत गेला, कोष्ट्यांच्या पंगतीत बसून पेज जेवला, आणि तसाच राजसभेत येऊन बोलू लागला. ती चाल तिथेच मोडली. पौर्णिमेच्या सांजेला उग्रसेन मोकळ्या चौकात एकटाच उभा राहिला आणि उजाडण्याआधी नदीपार गेला.

ही कथा सांगून शास्ता भिक्षूंना म्हणाले, "तेव्हाचा उग्रसेन म्हणजे देवदत्त, सुनेत्र राजा म्हणजे आनंद, शोभिता म्हणजे उत्पलवर्णा आणि वारुण म्हणजे छन्न. अमात्य मीच होतो. भिक्षूंनो, धान्य मी पुष्कळ जन्मांत दिले आणि देताना मला सुखच वाटले. त्या जन्मी मी हात पसरून पेज घेतली आणि लोकांतला मान देऊन टाकला. माझी दानपारमिता त्या पंगतीत वाढली."