खालची गोधडी

“…मग पंख बांधून उडायची परवानगी देणार तरी कधी मला?”

हेमांगीचा आवाज पत्र्याच्या शेडमध्ये घुमला.

आबांनी मान वर केली नाही. जुन्या पॅराशूटच्या दोऱ्या ते एकेक करून बोटांतून ओढून पाहत होते. माळेचे मणी ओढावेत तसे. सावकाश.

“परवानगी दिली की,” ते म्हणाले. “कालच दिली. पंख बांध आणि जा.”

“आणि कॅमेरा?”

आबांनी पुढची दोरी ओढली.

“कॅमेऱ्याशिवाय मला जायचंच नाही, आबा.”

“मग नको जाऊस.”

आबा म्हणजे सुभेदार धोंडिराम निकम. फौजेतल्या पोरांना विमानातून उड्या मारायला शिकवता शिकवता त्यांचे केस पिकले. निवृत्तीनंतर ते या माळावरच्या जुन्या धावपट्टीशेजारी, दोन खोल्यांच्या घरात बायकोसह राहायला आले. थंडीत इथं एक छोटं विमान येतं, उड्या मारणारी हौशी माणसं येतात. ऊन तापू लागलं की विमान निघून जातं. आणि आबांनी मान हलवल्याखेरीज पायलट कुणालाही विमानात पाऊल ठेवू देत नाही.

उद्या सकाळी शेवटची फेरी होती.

हेमांगी काही नवखी नव्हती. परदेशात राहून ती शिकली होती, शेकड्यांनी उड्या तिच्या खात्यावर होत्या. हातापायांमध्ये कापडाचे पंख शिवलेला तो विंगसूट घालून ती घारीसारखी तरंगत जायची. माळावरची बाकीची मंडळी माना वर करून तिच्याकडे बघत राहायची, आणि ती बघतायत हे तिला वरूनही कळायचं.

या वेळी मात्र तिला हेल्मेटवर कॅमेरा लावून उडायचं होतं. आजवर तिनं तो कधी लावला नव्हता.

“छत्री उघडताना एखादी दोरी त्या कॅमेऱ्याला अडकली तर?” आबांनी विचारलं.

“तर हेल्मेट टाकून द्यायचं. हनुवटीखाली हा लाल गोंडा आहे ना, तो ओढला की पट्टा सुटतो. माहीत आहे मला.”

“माहीत आहे…” आबा म्हणाले. “माहीत तर मलाही आहे गं, की माणसानं चिडू नये.”

“आणि दिवसातून चारदा चिडतात,” दारातून आक्का म्हणाल्या. आबांच्या मंडळी. हातात चहाचे पेले, कपाळाला भस्म. सोळा सोमवारांचं व्रत पुरं झालं होतं, आणि आज सतराव्या सोमवारी उद्यापन होतं. “घे पोरी. आणि यांच्याशी वाद घालू नकोस. चाळीस वर्षांत मला जमलं नाही.”

हेमांगी हसली नाही.

“करून दाखवते,” ती म्हणाली.

शेडच्या तुळईला पॅराशूटचे पट्टे टांगलेले होते. त्यांत स्वतःला बांधून घेतलं की माणूस जमिनीपासून हातभर वर लोंबकळतो, आणि वर जे करायचं ते इथं गिरवतो. हेमांगीनं जुनं हेल्मेट घेतलं, त्यावर कॅमेऱ्याच्या मापाचा लाकडी ठोकळा आवळला आणि पट्ट्यांत चढली.

आबांनी दोरीचा फास ठोकळ्यावर टाकला, हिसका दिला.

“अडकली!”

हात गोंड्यावर. हेल्मेट खाली. डोळ्याचं पातं लवायच्या आत.

पुन्हा. पुन्हा. दर वेळी तसंच, बिनचूक.

हेमांगीनं मान ताठ केली. “झालं समाधान?”

“फार छान,” आबा म्हणाले. “आता तुझं हेल्मेट घाल.”

“म्हणजे?”

“तुझं. कॅमेरावालं.”

“सरावाला खरा कॅमेरा कशाला? ठोकळा आहे की.”

“उद्या वर ठोकळा घेऊन जाणार आहेस?”

ती जरा थांबली. मग पिशवीतून तिनं आपलं हेल्मेट काढलं. मऊ सुती कापडात गुंडाळलेलं होतं. कापड कसलं, जुन्या साडीचा तुकडा. कॅमेरा घट्ट बसवलेला. त्याच्या एका कडेला नखांना लावायच्या लाल रंगानं बारीक अक्षर काढलेलं होतं. ‘नि’.

आबांनी ते पाहिलं. दोरी हातात घेतली.

ती पट्ट्यांत चढली. आबांनी दोरी टाकली.

“अडकली!”

हेमांगीचे दोन्ही हात वर गेले… कॅमेऱ्याकडे. बोटं दोरी सोडवू लागली. अलगद, काचेला धक्का न लावता. एक वेढा निघाला, दुसरा निघेना.

आबा तिच्याकडे बघत उभे राहिले. 

“गेलीस,” ते म्हणाले.

“अहो, उद्यापनाच्या दिवशी असं काय बोलता!” आक्का कळवळल्या.

“निघत होती दोरी,” हेमांगी म्हणाली. “जरासाच वेळ…”

“जमीन वाट बघत नाही.”

पुन्हा दोरी पडली. पुन्हा हात वर गेले. तिसऱ्या वेळी तर हिसका बसायच्या आधीच एका हातानं तिनं कॅमेरा धरून ठेवला होता.

आक्कांना राहवेना. त्या घरात गेल्या, जाड गोधडी घेऊन आल्या आणि चौपदरी घडी करून हेमांगीच्या खाली अंथरली. “कळतं हो मला. कुणाच्या तरी हातची वस्तू असेल. घे, आता पडलं तरी काही व्हायचं नाही.”

आबांनी गोधडीकडे एकदा पाहिलं. दोरी टाकली.

“अडकली!”

हेमांगीनं खाली गोधडीकडे पाहिलं, गोंडा ओढला. हेल्मेट धप्पकन गोधडीत रुतलं.

“बघा!” तिचा चेहरा उजळला. “बघा, आबा! टाकलं की नाही?”

“पुन्हा.”

पुन्हा टाकलं. आणि पुन्हा. आता तर ती ठोकळ्याच्या वेळेइतकीच चपळ झाली होती. आक्कांनीही कौतुकानं टाळी वाजवली.

“आता तरी?” हेमांगीनं विचारलं.

आबा वाकले. गोधडी उचलली, झटकली, नीट घडी केली आणि आक्कांच्या हातात दिली.

“उद्या हिला जरा ऊन दाखव,” ते म्हणाले.

खाली नुसती फरशी उरली. सिमेंटची, खरबरीत, जागोजाग तेलाचे डाग पडलेली.

आबांनी दोरी उचलली.

“…नाही,” हेमांगी म्हणाली.

“काय नाही?”

“फुटेल तो.”

“फुटेल.”

“आबा, हा साधा कॅमेरा नाही. माझ्या भावाचा आहे. लग्नामुंजींचे फोटो काढायचा तो. सगळा गाव टिपला त्यानं या डोळ्यातून. म्हणायचा, एकदा आपलं गाव वरून टिपायचंय… त्याला जाऊन वर्ष होईल आता. मी बोलले आहे, वर्षाच्या आत हा कॅमेरा मी वर नेईन. तोवर गोडाचा घास घ्यायचा नाही असं ठरवलंय. मी घेतला नाही. एकदाही नाही.” तिचा श्वास लागला. “आणि तुम्ही सांगताय, फरशीवर आपट!”

“मी कुठं सांगतोय?” आबा म्हणाले. “मी म्हणतोय, नको जाऊस.”

हेमांगी पट्ट्यांतून उतरली. हेल्मेट छातीशी धरलं आणि तडक बाहेर गेली.

धावपट्टीच्या कडेला वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी खांबावर फडफडत होती. तिच्या खालच्या दगडावर हेमांगी बसून राहिली. सूर्य कलला होता. दूर नदीचं वळण चमकत होतं. त्या वळणापलीकडे तिचं गाव.

थोड्या वेळानं आक्का आल्या. हातात द्रोण.

“चुरमा आहे. उद्यापनाचा. एक वाटा देवाला गेला, एक गाईला. हा वाटायचा.”

“आक्का, मी गोड…”

“ठाऊक आहे, आत्ताच ऐकलं. प्रसादाला नाही म्हणू नये, म्हणून नुसता हातात धर. उद्या खा.”

हेमांगीनं द्रोण घेतला. तुपाचा वास आला. नाही म्हटलं तरी तोंडाला पाणी सुटलं, आणि त्याचंच तिला रडू आलं.

“तुमच्या वाट्याला किती आला, आक्का?”

“बघू. वाटून उरला तर.”

“सोळा सोमवार उपास करून?”

“मग? हातात धरून बसले तर उद्यापन कसं व्हायचं?” आक्का दगडाच्या कडेला टेकल्या. गुडघे चोळले. मग सहज विचारावं तसं विचारलं, “भावाला काय बोललीस, कॅमेरा वर नेईन. हो ना?”

“हो.”

“आणि आईला काय सांगून निघालीस?”

हेमांगीनं नदीच्या वळणाकडे पाहिलं.

वाऱ्यानं पिशवी फुगली, पुन्हा पडली.

“परवा जेवायला घरी येते म्हणाले,” ती हळूच म्हणाली.

आक्कांनी तिच्या पाठीवर हात ठेवला, मग उठून गेल्या. गाय हंबरत होती.

हेमांगी शेडमध्ये परत आली तेव्हा आबा तिथंच होते. तुळईखाली, हातात दोरी. जसे सोडून गेली होती तसेच. जणू ती परत येणार यात त्यांना शंकाच नव्हती.

द्रोण तिनं कोनाड्यात ठेवला. साडीच्या तुकड्यानं कॅमेऱ्याची काच एकदा पुसली. त्या लाल अक्षरावरूनही कापड फिरवलं. हेल्मेट घातलं. हनुवटीखालचा पट्टा आवळला. मग सोडून पुन्हा एकदा आवळला.

“चढ.”

ती चढली. खाली फरशी. खाली बघायचं नाही असं तिनं ठरवलं, आणि तरी एकदा बघितलंच.

आबांनी फास टाकला. पण हिसका दिला नाही. दोरी सैल धरून बाहेर बघत राहिले.

“वारा पडेल रात्रीतून,” ते म्हणाले.

“हं.”

“सकाळी नदीवर धुकं असेल. पण दुसऱ्या घटकेला निघून जाईल.”

“हो, आबा.”

“मोठा होता का तुझ्यापेक्षा?”

“दोन वर्षांनी. मला सायकल त्यानंच शिकवली. मागून धरलंय म्हणायचा आणि कधीच सोडून दिलेलं असायचं…” ती हसली. हसता हसता डोळे भरले.

“नाव काय त्याचं?”

“निरं…”

“अडकली!”

हिसका बसला. मान मागे खेचली गेली. हेमांगीचा हात वर उठला, अर्ध्या वाटेवर आला…

आणि गोंड्यावर गेला.

फरशीवर आवाज झाला. गाईला पाणी दाखवत असलेल्या आक्का तिथूनच “अगं बाई!” म्हणाल्या.



हेमांगी लोंबकळत राहिली. उघड्या केसांत वारा शिरला. हात अजून हनुवटीपाशीच होता, गोंडा मुठीत.

आबांनी तिला पट्ट्यांतून सोडवलं. हेल्मेट उचलायला मात्र ते वाकले नाहीत. ती स्वतःच बसली, दोन्ही हातांनी ते उचललं. काचेवर एक तडा गेला होता. या कडेपासून त्या कडेपर्यंत, केसासारखा बारीक. तिनं बटण दाबलं. क्षणभर काहीच झालं नाही… मग बारीक तांबडा दिवा लागला.

“चालतोय,” ती म्हणाली. “पण रेघ येईल, आबा. सगळ्या चित्रातून रेघ जाईल.”

आबा दोरी गुंडाळत होते.

हेमांगीनं हेल्मेट मांडीवर घेतलं. काचेवरून एकदा बोट फिरवलं. मग साडीचा तुकडा उलगडला, हेल्मेट त्यात पूर्वीसारखं गुंडाळलं आणि पिशवीत ठेवलं. पिशवीचं तोंड ओढून घेतलं. डोळे पुसले, उठून उभी राहिली. मान ताठच होती, पण मघाची नव्हे.

“खरं होतं तुमचं,” ती म्हणाली. “उद्या मी नुसती जाते. हा नाही नेत. त्यानं माझ्याकडे कधी काही मागितलंच नव्हतं, मीच बोलून बसले. त्याला सांगेन तसं… आईकडे ठेवून देते.”

आबांनी दोरीची गुंडाळी खुंटीला अडकवली. हात झटकले. पिशवीपाशी आले, तिचं तोंड उघडलं, साडीचा तुकडा बाजूला केला आणि हेल्मेट बाहेर काढून तिच्या हातात दिलं.

“आता बांध.”