दातांची कल्हई

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची म्हणाल, तर तेव्हाच्या राजाचं नावसुद्धा आज कुणाला आठवत नाही. पण कुणाचे दात कसे होते, ते मात्र लोक अजून सांगतात. माणसं अशीच असतात बघा.

नदीकाठी उसाचं एक गाव होतं. गावात आळ्या दोन, वरची आणि खालची. पण गूळ कढवायची काहील, म्हणजे ती भलीमोठी कढई, अख्ख्या गावात एकच. मग गुऱ्हाळ आधी कोणी लावायचं? त्यासाठी एक रीत होती. हंगामातल्या पहिल्या उसाला लोखंड लावायचं नाही. पौर्णिमेच्या सकाळी देवीच्या पारावर दोन्ही आळ्यांची एकेक बाई बसायची आणि मुळातून उपटून आणलेला ऊस नुसत्या दातांनी सोलायची. जिचा ऊस आधी सोलून होईल, तिच्या आळीला काहील आधी.

सात वर्षं हा मान वरच्या आळीकडेच होता. तिथली पाटलीण दातांची भक्कम. इकडे खालच्या आळीचा ऊस शेतात उभ्या उभ्या वाळायचा. त्याला तुरे यायचे, रस आटायचा आणि गूळ कधी नीट बसायचाच नाही. काळा, चिकट गूळ. बाजारात कोणी बोटसुद्धा लावत नसे.

त्या वर्षी खालच्या आळीनं कल्हईवालीला उभं करायचं ठरवलं. ती आणि तिचा नवरा साऱ्या गावाच्या भांड्यांना कल्हई करायचे. तिचाही अर्धा बिघा ऊस होताच. बाईचे दात दणकट होते, पण तंबाखूची मिश्री लावून लावून पिवळे-तपकिरी पडले होते. त्यामुळे ती हसली की पदर आपोआप तोंडाशी जायचा.

पौर्णिमेला पंधरा दिवस राहिले असताना गावात एक चूर्णवाला आला. डोक्याला जरीचा फेटा, खांद्यावर शेला, आणि त्या शेल्याचं टोक कायम ओठांवर धरलेलं.

"तीन दिवसांत दात मोगऱ्याच्या कळ्या!" तो ओरडायचा. "घ्या हो घ्या! राणीसाहेब हेच लावतात!"

झुंबड उडाली. आणि खोटं कशाला बोलू, दात पांढरे दिसायचेही. सुंदर दिसायला कुणाला आवडत नाही? पण या गावाची सवयच निराळी. बायकांनी विचार केला, काथ्यानं घासलं की पातेली चकाकतात, मग दात का नाही चकाकणार? लागल्या चूर्ण घेऊन काथ्यानं दात घासायला!

तिसऱ्या दिवशी पाणवठ्यावर पाटलीण हसली आणि सगळ्या बघतच राहिल्या. दात कसे, शुभ्र! ती कल्हईवालीला म्हणाली, "काय गं, पौर्णिमेला देवीपुढे ही हळकुंडं घेऊन बसणार का तू?"

सगळ्या खो खो हसल्या. कल्हईवालीनं घागर उचलली, ती थेट चूर्णवाल्यासमोर जाऊन ठेवली.

दोनदा तिनं चूर्ण लावलं. दात उजळले. नवरा म्हणाला, "अरेच्चा, ही कोण आली आमच्या घरात?" ती लाजली, माठातलं पाणी प्यायली, आणि अशी कळ गेली डोक्यापर्यंत, की हातातला तांब्याच निसटला. 'थंडीचे दिवस आहेत, असेल,' तिनं मनाची समजूत घातली.

दुसऱ्याच दिवशी पाटलीण एक पितळी पातेलं घेऊन तणतणत आली.

"ही काय कल्हई केलीस? पंधरा दिवस नाही झाले आणि वरण कळकलं! तोंडात धरवेना!"

कल्हईवालीनं पातेलं उजेडात फिरवलं. "पाटलीणबाई, घासलंत कशानं?"

"विटेचा चुरा आणि चिंच. काय लखलखलं होतं म्हणून सांगू!"

"अहो, ते कल्हई निघताना लखलखलं! आंबट लावून खरवडलं की वरचा पांढरा थर जातो. मग खालचं पितळ उघडं पडतं आणि..."

बोलता बोलता ती थांबली. तिची जीभ तिच्याच दातांवरून फिरली. तिनं कमरेची पुडी सोडली, चिमूटभर चूर्ण जिभेवर ठेवलं. आंबट. बोटांत चोळलं. खरखरीत. मग नुकत्याच कल्हई केलेल्या एका पळीवर ते घातलं आणि काथ्यानं चांगलं घासलं. पळी आधी चमकली, आणखी घासली तशी खालून पिवळं पितळ दिसू लागलं.

"पाटलीणबाई, हे बघा. आपल्या दातांनाही अशीच कल्हई आहे. ती आपण खरवडतोय. सोडा ते चूर्ण. मीही आजपासून सोडलं."

पाटलीण क्षणभर पळीकडे पाहत राहिली. मग तिनं पातेलं उचललं. "हरायची भीती वाटते म्हणून सांगतेस होय? मी नाही फसायची!" आणि ती निघून गेली.

नवऱ्यानं कपाळाला हात लावला. "तिला कशाला सांगितलंस? घासू दिलं असतं, आयतीच जिंकली असतीस."

"अहो, दुखणार तर तिलाही आहे ना?" ती म्हणाली. "ती ऐको न ऐको, मला सांगायलाच हवं होतं."

मग ती गावच्या म्हाताऱ्या वैद्यांकडे गेली. वैद्यांनी ऐंशी गाठली होती आणि ते फुटाणे खात बसले होते. तिनं तोंड उघडून दाखवलं.

"मुली, डाग वेगळा आणि रंग वेगळा," वैद्य म्हणाले. "डाग वरून बसतो, तो हलक्या हातानं जातो. रंग दाताचा स्वतःचा, त्याच्या मागे लागू नये. मिश्री सोड. मऊ दातवणानं हळू घास. खाल्ल्यावर चूळ भर. आणि आंबट चूर्ण नदीत टाक."

"पण पौर्णिमा तोंडावर आलीय, वैद्यबुवा."

"म्हणून तर म्हणतो, आजच टाक."

मिश्री सोडणं सोपं नव्हतं. पहिले चार दिवस तिचं डोकं भणभणलं. नवऱ्यावर ती किती वेळा खेकसली, ते शेजारच्यांनी मोजलं होतं. पण तिनं तग धरला. दातांची कळ थांबली, डाग फिके होत गेले.

पौर्णिमेची सकाळ उजाडली. पारावर दोघी बसल्या. पाटलीण हसली तेव्हा अजूनही लोक "वा!" म्हणाले. ताशा कडाडला.

पाटलिणीनं उसात दात रोवले आणि किंचाळली, "आई गं!" गालावर हात गेला. दुसऱ्या बाजूनं चावून पाहिलं, डोळ्यांत पाणी आलं. ऊस तिच्या मांडीवर गळून पडला.

शेजारी मात्र करकर आवाज येत होता. कल्हईवाली पेरामागून पेर सोलत होती. सालं पारावरून खाली पडत होती. बघता बघता तिनं बुडख्यापर्यंत सोललेला ऊस दोन्ही हातांनी वर धरला. खालच्या आळीनं असा गजर केला, की देवळावरची पाखरं उडाली. ती खदखदून हसली. दात मोगऱ्यासारखे नव्हते. हातातल्या सोललेल्या उसासारखे होते, स्वच्छ, रसरशीत, पिवळसर. पदर खांद्यावरच राहिला.

तेवढ्यात कोणीतरी ओरडलं, "तो बघा, चूर्णवाला पळतोय!" लोकांनी त्याला धरून आणलं आणि हातात ऊस दिला. "सोला, महाराज! राणीसाहेबांचं चूर्ण तुमच्याकडेच!" ओढाताणीत शेला निसटला. तोंडात उरले होते चार झिजके खुंट. स्वतःच्या चूर्णाचं पहिलं गिऱ्हाईक तोच होता! गावानं त्याला हंगामभर काहील घासायला बसवलं. काथ्यानं.

त्या दिवशी सात वर्षांनी खालच्या आळीचं गुऱ्हाळ आधी पेटलं. उसाला तुरा नव्हता, रस आटला नव्हता. गूळ असा बसला, की ढेप सोन्यासारखी पिवळीधमक. बाजारात गाडी थांबायच्या आत सगळा गूळ संपला.

कल्हईवालीनं पहिल्या काकवीची वाटी कोमट करून पाटलिणीकडे नेली.

पाटलीण खाली मान घालून म्हणाली, "तू सांगितलं होतंस गं. वैद्य म्हणतात, गेलेली ही कल्हई परत बसत नाही."

"आहे ती जपा, पाटलीणबाई. आणि पुढच्या वर्षी या पारावर, मला हरवायला."

"मी आता कुठली येते! पण सून धाडीन. पिवळ्या दातांची, भक्कम." आणि दोघी हसल्या. या वेळी पदर कुणाच्याच तोंडाशी गेला नाही.

तात्पर्य: दात स्वच्छ जरूर ठेवावेत, पण पांढरे दिसण्याच्या हौसेपायी त्यांचं बळ घासून घालवू नये.