येसूने पाणी सोडले तो डोह

हसलात ना? सगळेच हसतात. ती बाई लेकराला न्हायला घेऊन आली आणि लेकरूच तांब्याने तिच्या डोक्यावर पाणी ओतते आहे. पण तिने डोळे मिटलेले नाहीत, हेही बघा. लाल झाले तरी मिटणार नाही. उंबरकोंडात लहान मुलाला पहिल्यांदा डोहावर आणले की आधी त्याने आईला न्हाऊ घालायचे, मग आईने त्याला. तुम्ही खुशाल हसा, पण शेवटच्या पायरीखाली उतरू नका. आणि या काठावर कशावरही 'पाणी सोडले' असे चुकूनसुद्धा म्हणू नका.

माझ्या आजेसासूने मला ही हकिकत सांगितली, तीही याच पायरीवर बसून. या डोहात साती आसरा राहतात. पाण्यातल्या बायका त्या. त्यांना लेकरे नाहीत, असे सांगतात, म्हणून काठावर आलेल्या लेकराकडे त्या टक लावून बघतात. कोणी दिल्याशिवाय मात्र नेत नाहीत. एवढी एक रीत पाळतात.

फार मागे गावात येसू नावाची बाई होती. नवरा बैल घेऊन घाटाखाली मीठ आणायला गेलेला, घरात ती आणि तिची लहानगी चंद्री. चंद्रीला पाण्याचे भारी वावडे. तांब्या दिसला की कणगीमागे जाऊन बसायची. कोणी म्हणे हट्टी आहे, कोणी म्हणे आईने लाडावली आहे. सल्ले द्यायला काय, सारा गाव तयार असतो. पोरीला विचारले मात्र कोणीच नाही.

त्या साली चंद्रीच्या अंगभर खरूज उठली. कडुनिंबाच्या पाण्याने रोज धुतल्याशिवाय ती जाईना, आणि पोर तर थेंब लागू देईना. शेवटी येसूने तिला काखोटीला मारून डोहावर आणले. धुणे धुणाऱ्या बायका बघत होत्या. पहिला तांब्या डोक्यावर पडताच चंद्री येसूच्या मनगटाला कडकडून चावली आणि निसटून काठावर पळाली. बायका खो खो हसल्या. येसूच्या मनगटातून रक्त आले. ते धुवायला तिने ओंजळीत पाणी घेतले होते, आणि तशीच ती पोरीकडे वळून म्हणाली, "जा, पानी सोडलं म्यां तुज्यावर."

आणि ओंजळ सोडली.

रागात कोण नाही बोलत असे? मीही माझ्या पोरांना बोलले आहे, पण घरी, कोरड्या हाताने. येसूच्या ओंजळीतले पाणी डोहात पडले, त्याचा आवाजच झाला नाही म्हणे. बायकांचे हसणे थांबले. सगळ्या धुणी गोळा करून लवकरच घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी येसूच्या अंगणात ओली पावले उमटलेली होती. बायकांची पावले, पुष्कळ. दिवस चैत्राचे, सारवलेले अंगण एरवी कोरडे ठणठणीत. पावले डोहाकडून आलेली होती आणि परत गेलेली नव्हती. येसूने ती पायाने पुसून टाकली आणि कोणाला सांगितले नाही. त्यानंतरच्या सकाळी तशीच पावले उंबऱ्याच्या आत, चंद्रीच्या वाकळेभोवती होती. चंद्री उठून बसली होती. तिचे केस ओले होते, विंचरून वेणी घातलेली, वेणीत शेवाळाचा हिरवा दोर. अंगावर खरजेचा डागसुद्धा नव्हता.

"कुनी न्हाऊ घातलं गं तुला?" येसूने विचारले.

"बाया आल्या हुत्या. आज घरी न्याया येनार हायेत."

"आन् तू रडली न्हाईस? माज्या हातून तर न्हात न्हाईस."

"त्या डोळं मिटत न्हाईत," चंद्री म्हणाली. "सारख्या दिसत्यात. तू पानी वततीस तवा माजं डोळं मिटत्यात, मग तू दिसत न्हाईस. परत दिसशील का न्हाई, काय ठावं."

येसू पोरीला उचलून धावली ती सोनाई गुरविणीकडे. आसरांची पूजा सोनाईकडे होती. तिने सगळे ऐकून घेतले.

"दान देताना हातातनं उदक सोडत्यात, तसंच केलंस तू. पोर तुजी ऱ्हायली न्हाई. आता मागून मिळायची न्हाई."

"मग मी काय करू, आई?"

"तू तिची हो. तिनं आपल्या हातानं तुज्यावर पानी घालून तुला मागून घ्यावं. तिच्या आईला आसरा न्यायच्या न्हाईत, आन् आईपासनं तिलाबी. पर हात धरून करून घेतलंस, तर ते तुजंच पानी हुईल."

उन्हे कलायच्या आत येसू डोहात उतरली, सोनाई वरच्या पायरीवर थांबली. चंद्रीला तिने शेवटच्या पायरीवर उभे केले आणि तांब्या तिच्यापुढे ठेवला. पाणी चढू लागले. गुडघे बुडाले, कंबर बुडाली. येसूच्या मागे पाण्यावर लांब केस पसरलेले दिसले, आणि केसांमधून न मिटणारे डोळे. चंद्री त्यांच्याकडे बघत राहिली. तिने एक पाय पुढे टाकला. येसूला ओरडायचे होते, पोरीला धरून पळायचे होते. पण धरले की गेली. तिने डोळे ताणून उघडले आणि पोरीकडे बघत राहिली.

पाणी हनुवटीला लागले. मग तोंडावर आले, मग डोळ्यांवरून गेले. येसूने ते मिटले नाहीत. चंद्रीला पाण्याखाली आई दिसत होती, तिच्याकडेच बघणारी. पोरीने तांब्या डोहात बुडवला, आयुष्यात पहिल्यांदा आपल्या हाताने, आणि आई दिसत होती तिथे ओतला.

"ही माजी हाय," ती म्हणाली.

पाणी उतरले. केस दिसेनासे झाले. सोनाईने दोघींना वर ओढून घेतले, तेव्हा येसू विचारत होती, पोर कुठाय? पोर तिच्या कमरेला बिलगलेली होती. येसूचे डोळे उघडे होते, पण त्यांत नजर राहिली नव्हती. आसरांनी रिकाम्या हाताने परत जायचे नाकारले, असे सांगतात.

त्यानंतर येसूच पाण्याला भिऊ लागली. अंधारात डोक्यावर पाणी पडले की ती चाचपडायची, पोरीला हाका मारायची. मग चंद्रीच तिला न्हाऊ घालू लागली, आणि दर तांब्याला म्हणायची, "हितंच हाय मी." येसू म्हातारी होऊन गेली. तिला शेवटची आंघोळ घातली तीही चंद्रीनेच. तेव्हाही ती दर तांब्याला तेच म्हणत राहिली, आणि तिला कोणी थांबवले नाही.

आजही उंबरकोंडात लेकराच्या डोक्यावर पाणी ओतताना आई "हितंच हाय मी" म्हणते. आणि घरातले माणूस गेले, त्याला आंघोळ घालायला बसवले, की घरातली सगळी माणसे भोवती उभी राहून तेच म्हणतात. माझ्या मालकांना शेवटची आंघोळ घातली तेव्हा माझा आवाज फुटत नव्हता. शेजारणीने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि माझ्याकडून म्हणवून घेतले.